शनिवारचा वार मोडू नका
वाचकांचे प्रश्न : हौशी वाद्यवृंद

प्रश्न : डोंबिवलीत आमचा हौशी वाद्यवृंद चौदा वर्षं चालू आहे. आम्ही सतरा जण. तीन व्हायोलिन, दोन बासऱ्या, पेटी, मेंडोलिन, अ‍ॅकॉर्डियन, गिटार, कीबोर्ड, तबला, ढोलकी आणि बाकी साइड रिदम. बहुतेक सगळे एकाच सोसायटीतले, सराव सोसायटीच्या हॉलमध्ये. आता इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याची घरं जिथे मिळाली तिथे आम्ही पांगलो. कुणी बदलापूरला, कुणी विरारला, कुणी उलव्याला, दोघं मुलाकडे बंगळूरला. नवीन घरं मिळायला अडीच-तीन वर्षं जातील. व्हिडिओ कॉलवर दोनदा सराव करून पाहिला, नुसता गोंधळ झाला. आता काही जण 'पुन्हा एकत्र आलो की बघू' म्हणतात. मला भीती वाटते की तोवर काही उरणार नाही. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि १४ मार्च २०२० चा शनिवार डोळ्यांसमोर आला. पुण्यातल्या एका शाळेच्या वर्गात आम्हा बावीस जणांचा सराव संपला. बाकं पुन्हा रांगेत लावली, फळ्यावर लिहिलेलं नोटेशन पुसलं आणि 'पुढच्या शनिवारी' म्हणत निघालो. तो पुढचा शनिवार नोव्हेंबरात उजाडला, एका सभासदाच्या गच्चीवर, मास्क लावून. मधल्या आठ महिन्यांत आम्ही बऱ्याच चुका केल्या आणि थोडंफार शिकलो, तेच सांगते.

आधी कॉलवरच्या गोंधळाबद्दल. त्यात तुमच्यापैकी कुणाचाही दोष नाही, हे सगळ्यांना सांगा. आमच्याकडे त्यावरून तबलजी आणि पेटीवाले दोन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्टेजवर ढोलकी तुमच्यापासून दहा मीटरवर असली तर तिची थाप कानावर यायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. एवढं हात सांभाळून घेतो, पण त्यापुढे कठीण होत जातं. व्हिडिओ कॉलवर हाच उशीर सहज दीडशे मिलिसेकंदांवर जातो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे थाप जवळजवळ तिसरा हिस्सा मात्रा उशिरा पोचते. व्हायोलिन ढोलकीसाठी थांबतं, ढोलकी व्हायोलिनसाठी, आणि गाण्याची लय हळूहळू पडत जाते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघा-दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा ठेका धरायला लावला होता. मधला उशीर वाढवला तशी लय पडत गेली. तुमच्या हॉलमधले सतरा जण काय, कुणीही असतं तरी हेच झालं असतं.

आणखी एक. कॉलवर तानपुरा लावलात तर तो थोड्या वेळात नाहीसा झाल्यासारखा वाटेल. आमच्याकडे बासरीवाले काका तानपुरा लावून बसले होते आणि आम्ही सगळे 'लावा की' म्हणत होतो. ही अ‍ॅप बोलण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं धरून ती तो काढून टाकतात. व्हायोलिनचा लांब धरलेला सूरही असाच मधेच खाल्ला जातो. झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' असं काहीतरी असतं, ते वाजवणाऱ्याने चालू करायचं. मग सूर राहतो. उशीर मात्र तसाच राहतो.

जॅम्युलससारखी खास वादकांसाठी केलेली मोफत सॉफ्टवेअर आहेत. त्यांनी उशीर खरोखर कमी होतो, पण त्यासाठी संगणक, तारेने जोडलेलं इंटरनेट आणि तारेचे हेडफोन लागतात. तुमच्यातल्या दोघातिघांकडे हे असेल तर त्यांनी जरूर करावं. सगळ्या सतरा जणांवर लादू नका. ज्याच्याकडे साधा मोबाइल आहे तो पहिल्याच दिवशी गळेल, आणि आपल्याला तर एकही माणूस गळू द्यायचा नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, वार मोडू नका. तुमचा सरावाचा जो वार आणि जी वेळ असेल, ती तशीच ठेवा. आम्ही शनिवारी सहा वाजता कॉल लावायचो आणि एकत्र वाजवण्याचा हट्ट सोडून दिला. एकजण वाजवणार, बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या घरी त्याच्याबरोबर वाजवायचं. प्रत्येकाला तो आणि स्वतः, एवढंच ऐकू येतं, त्यामुळे लय तुटत नाही. एका शनिवारी पेटी, पुढच्या शनिवारी मेंडोलिन. मोफत कॉल चाळीस मिनिटांनी तुटायचा. तेवढ्यात उठून चहा टाकायचा आणि पुन्हा जोडायचा, कारण शाळेतल्या सरावातही आमचा चहा त्याच सुमाराला यायचा. दुसऱ्या भागात आमच्या एखाद्या जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावायचो. स्वतःचंच वाजवणं बावीस जणांनी मिळून ऐकायचं, हे आम्ही त्याआधी कधी केलंच नव्हतं. एका गाण्यात एम-टूला, म्हणजे दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या वाद्यांच्या तुकड्यात, व्हायोलिनं ढोलकीच्या पुढे पळतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. नऊ वर्षं आम्ही ते तसंच वाजवत होतो.

प्रत्यक्ष एकत्र वाजवल्याचा आनंद हवा असेल तर थरावर थर चढवत रेकॉर्डिंग करा. पहिला फोनवर रेकॉर्ड करतो, दुसरा ते इअरफोनवर ऐकत आपलं वाजवतो, तिसरा दोघांचं ऐकत. क्रम महत्त्वाचा आहे. ठेका आधी हे कुणीही सांगेल, पण त्याच्या लगेच नंतर पेटी घ्या. आम्ही मेंडोलिन आधी घेतलं आणि फसलो. मेंडोलिन, व्हायोलिन, गिटार यांच्या तारा पेटीला जुळवता येतात, कीबोर्डचाही सूर सेटिंगमधून थोडा वर-खाली करता येतो. पेटी मात्र आहे तशीच वाजणार, आणि वीस वर्षांची पेटी थोडी उतरलेली असतेच. तिच्यापुढे बाकीच्यांनी नमतं घ्यायचं. इअरफोन तारेचेच घ्या, ब्लूटूथ स्वतःचा उशीर घालतं. सुरुवातीला प्रत्येकाने ठेक्याबरोबर एक मोठी टाळी द्यावी, म्हणजे जुळवणाऱ्याला रेकॉर्डिंगच्या पट्ट्या एकाखाली एक लावता येतात.

त्याचा व्हिडिओ करायचा मोह तुमच्यातही कुणाला तरी होईल. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० साली १२ देशांतल्या १८५ जणांचे घरी केलेले व्हिडिओ जुळवून एक समूहगान केलं, तेव्हापासून जगभर अशा चौकटी-चौकटींच्या व्हिडिओंची हौस आहे. करा, पण जुळवणाऱ्याचे कष्ट आधी विचारात घ्या. आमच्या पाच मिनिटांच्या गाण्यासाठी आमच्या गिटारवाल्या मुलाने अकरा रात्री घातल्या. आम्ही व्हिडिओ सगळीकडे पाठवला आणि त्याचं नाव त्यात घालायला विसरलो. त्याची रुखरुख मला अजून आहे.

तुमची एक गोष्ट आमच्यापेक्षा फार बरी आहे. आम्हाला घराबाहेर पडता येत नव्हतं, तुम्हाला येतं. सतरा जणांचा हॉल गेला, पण चौघांना एक खोली पुरते. रेल्वेच्या मार्गांनुसार गट पाडा. बदलापूरकडचे सेंट्रलवाले एकत्र, विरारचे वेस्टर्नवाले एकत्र, उलवे-पनवेलचे एकत्र. महिन्यातून दोनदा त्यांनी कुणाच्या तरी घरी बसावं. प्रत्येक गटात एक तालवाद्य येईल असं बघा, नाहीतर नुसते सूर धरून लोक कंटाळतात. बंगळूरचे दोघं गणपतीला किंवा दिवाळीला येतील, त्या तारखेला सगळ्यांनी जमायचं असं आत्ताच ठरवून टाका.

आता वाद्यांबद्दल, कारण इथे आमचं नुकसान झालं आहे. वृंदाच्या मालकीची वाद्यं आम्ही शाळेतल्या एका कपाटात ठेवायचो. मार्चमध्ये कपाटाला कुलूप लागलं ते ऑक्टोबरात उघडलं. मी माझ्या हाताने दुसऱ्या व्हायोलिनची पेटी उघडली. आतल्या निळ्या मखमलीवर पांढरी बुरशी आली होती, आणि बो (व्हायोलिनचा गज) उचलला तर त्याचे केस मुठीने गळून खाली पडले. अंधाऱ्या बंद पेटीत बारीक किडे घोड्याच्या शेपटीचे ते केस कुरतडतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी मखमलीवर ते तुकडे बघितले. डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, दमट हवेने सैल पडली होती, काँगो ड्रमच्या नट-बोल्टांना गंज चढला होता.

तेव्हा पाडकामाआधीच हॉलमधलं प्रत्येक वाद्य कुणाच्या तरी घरी जाऊ द्या. कोणतं वाद्य, कुणाकडे, कोणत्या तारखेपासून, हे वहीत लिहा आणि सही घ्या. भाड्याच्या घरात जागा अपुरी असते हे खरं, पण पलंगाखाली व्हायोलिन मावतं. आठवड्यातून एकदा त्याची पेटी उघडून तासभर उजेडात ठेवायची, बो नेहमी सैल करून ठेवायचा, चामड्याचं वाद्य भिंतीच्या ओलीपासून दूर. आणि ज्याच्या घरी वाद्य आहे त्याने ते शनिवारी कॉलवर दोन मिनिटं वाजवून दाखवायचं. आमच्याकडे एका सभासदाच्या नातवाने असंच घरी आलेलं झायलोफोन वाजवायला घेतलं. आज तो वृंदात आहे.

प्रश्न : वर्षभर भेटी नाहीत, कार्यक्रम नाहीत, तर सभासदांकडून वर्गणी घ्यावी का?
– खजिनदार, एक हौशी वाद्यवृंद, नाशिक

उत्तर : घ्यावी, पण निम्मी. आम्ही बंद करून पाहिली आणि तीन महिन्यांत चौघांनी निरोपांना उत्तर देणंही सोडलं. वर्गणी चालू केल्यावर त्यातले तिघं परतले. पैसे वाद्यांच्या दुरुस्तीला आणि ज्यांना नेटचा रिचार्ज परवडत नाही त्यांच्या रिचार्जला खर्च करा. हिशेब दर महिन्याला ग्रुपवर टाका. कुणाचा रिचार्ज केला ते नाव मात्र त्यात लिहू नका.

प्रश्न : मी वृंदात दुसऱ्या व्हायोलिनवर बसते. वय ५४, व्हायोलिन उशिरा शिकले. सगळ्यांबरोबर वाजवताना छान वाटायचं. आता घरून एकटीचं रेकॉर्डिंग पाठवायचं म्हणतात. ऐकलं तर माझाच सूर मला सहन होत नाही. चार वेळा रेकॉर्ड करून पुसलं. वृंद सोडावा असं वाटू लागलं आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून सोडू नका. तुम्हाला जे ऐकू येतंय ते फोनने ऐकलेलं आहे. व्हायोलिन फोनजवळ धरलं की बोची खरखर सगळ्यात आधी पकडली जाते. हॉलमध्ये तोच सूर लांबून, भिंतींना लागून, बाजूच्या दोघींच्या सुरात मिसळून येतो. फोन सहा-सात फूट लांब ठेवा, उशीवर उभा करा, स्वयंपाकघरात वाजवत असाल तर आतल्या खोलीत या. निम्मी खरखर तिथेच जाईल.

उरलेली निम्मी खरी असेल. ती माझ्याही वाजवण्यात होती. २०२० च्या मे महिन्यात मी माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा तीव्र मध्यम प्रत्येक वेळी चढा लागत होता. तेव्हा मला वाजवायला लागून २६ वर्षं झाली होती. मी ते ग्रुपवर टाकलं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला एकटीला पाठवलं आणि तिनं तिचं मला पाठवलं. दर बुधवारी रात्री आम्ही दोघी एकमेकींना आठ ओळी पाठवायचो. ती फक्त एकच गोष्ट सांगायची, 'तिसऱ्या ओळीत बोट थोडं मागे घे.' मीही तिला एकच सांगायची. ऑगस्टपर्यंत आमच्या दोघींच्या ओळी एकत्र लावून ऐकण्याजोग्या झाल्या, मग त्या ग्रुपवर गेल्या.

तुमच्या वृंदातही शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी बसत असेल. तिला आज फोन करा. बहुधा तिनेही आपलं रेकॉर्डिंग दोन-चारदा पुसलेलं असेल. सगळं गाणं नको, मुखड्याच्या आठच ओळी ठरवा, आणि पहिल्यांदा तुम्ही पाठवा.