‘फाइन’ म्हणजे उत्तम, बारीक की दंड?

प्रश्न : मी भाषांतराचे काम करतो. अलीकडे एकाच मसुद्यात ‘फाइन’ हा इंग्रजी शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा मला वेगळा मराठी शब्द योजावा लागला : एकदा दंड, एकदा बारीक, एकदा उत्तम. हे मुळात निरनिराळे शब्द असून केवळ उच्चाराने सारखे आहेत का? आणि सगळीकडे चालेल असा एखादा मराठी प्रतिशब्द आहे का?

उत्तर : इंग्रजी कोशांत ‘दंड’ या अर्थाच्या नामाची आणि ‘उत्तम, बारीक’ या अर्थांच्या विशेषणाची नोंद सहसा वेगवेगळी केलेली असते, त्यामुळे हे दोन परके शब्द योगायोगाने एकत्र आले असावेत असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच मुळापासून निघाले आहेत. लॅटिनमध्ये ‘फीनिस’ म्हणजे शेवट किंवा सीमा. जुन्या फ्रेंचमधून हे मूळ इंग्रजीत उतरले आणि तेथे त्याचे मोठे कुटुंब झाले : फायनल, फिनिश, डिफाइन, कन्फाइन, इतकेच काय, फायनान्सदेखील. देणे चुकते करून व्यवहार संपवणे, हा त्या शेवटच्या शब्दामागचा जुना अर्थ आहे.

शेवटापासून उत्तमापर्यंतचा प्रवास मराठी माणसाला अवघड वाटू नये. जे शेवटापर्यंत नेले, ते पूर्णत्वाला पोचले. जे पूर्णत्वाला पोचले, ते उत्तम. आपणही ‘पराकाष्ठा’ आणि ‘परमावधी’ म्हणतो तेव्हा हेच करतो, कारण ‘काष्ठा’ आणि ‘अवधी’ या दोन्ही शब्दांत सीमेचा अर्थ आहे. पुढे उत्तम या अर्थातून शुद्ध हा अर्थ निघाला. हीणकस भाग काढून टाकलेले सोने ते ‘फाइन गोल्ड’, आणि हीण काढण्याची क्रिया ती ‘रिफाइन’. शुद्ध करताना वस्तू गाळावी, कुटावी, चाळावी लागते. त्यातून नाजूक आणि नाजुकातून बारीक, असा अर्थ सरकत गेला.

दंडाची वाट वेगळी आहे आणि ती मला अधिक रंजक वाटते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘फाइन’ म्हणजे वादाचा शेवट, म्हणजेच तडजोड. जमिनीच्या हस्तांतरणाची अशी तडजोड न्यायालयात होत असे आणि तिचा दस्त लिहिण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. चर्मपत्राच्या एकाच तुकड्यावर तोच मजकूर तीनदा लिहिला जाई, दोनदा शेजारी शेजारी आणि एकदा तळाशी आडवा. मग नागमोडी रेषेवर कापून वरचे दोन भाग दोन्ही पक्षांना देत आणि तळाचा भाग न्यायालयाच्या दप्तरी ठेवत. पुढे कोणी बनावट प्रत आणलीच, तर तिची नागमोडी कड मूळ कडेशी जुळत नसे. दप्तरी राहणाऱ्या त्या तुकड्यांना ‘फीट ऑफ फाइन्स’ म्हणत, आणि ते जपून ठेवण्याची पद्धत ११९५ साली सुरू झाली. जमीन देण्याघेण्याची ही रीत १८३३ च्या कायद्याने बंद झाली. मात्र ‘प्रकरण संपवण्यासाठी द्यायची रक्कम’ हा अर्थ मागे उरला, आणि तोच आजचा दंड. आपला ‘दंड’ मात्र सरळ काठीवरून आलेला आहे. इंग्रजांनी भांडण मिटवण्यातून हा शब्द घडवला, आपण मारण्याच्या साधनातून. यावरून दोन समाजांच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह वाचकांनी आवरावा.

आता प्रतिशब्दाविषयी. सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द नाही आणि तो शोधण्यात वेळ घालवू नये. ‘फाइन’च्या पुढे कोणते नाम आहे ते पाहावे. कापड असेल तर तलम, धागा असेल तर महीन. हवा असेल तर स्वच्छ, आणि पावसाळी दिवसांतील गोष्ट असेल तर ‘उघडीप’ हा फार चांगला शब्द आपल्याकडे आहे. ‘फाइन आर्ट्स’साठी ललित कला हा शब्द रुळलेला आहे. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातील बारीक अक्षरांतल्या अटी. कायद्याच्या मजकुरात दंड किंवा द्रव्यदंड लिहावे. ‘शास्ती’ हा शब्द मात्र ‘पेनल्टी’साठी राखून ठेवावा, कारण एकाच कलमात दोन्ही आले की गोंधळ होतो.

बारीक आणि सूक्ष्म यांत मी स्वतः एक साधी कसोटी वापरतो : डोळ्याला किंवा बोटाला जे जाणवते ते बारीक, जे जाणवत नाही ते सूक्ष्म. भूशास्त्रात ‘फाइन सँड’ म्हणजे ०.१२५ ते ०.२५ मिलिमीटर व्यासाचे कण. ते चिमटीत चुरचुरतात, म्हणून ती बारीक वाळू. हवेच्या प्रदूषणात ज्यांना ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणतात, ते २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. ते दिसत नाहीत, म्हणून सूक्ष्म कण. फरक आणि भेद हे हाताला लागणारे नव्हेत, म्हणून तेथेही बहुधा सूक्ष्मच शोभते. ‘फाइन ट्यूनिंग’साठी ‘सूक्ष्म समायोजन’ असे जड भाषांतर केलेले आढळते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ते चालेल, पण लेखाविषयी किंवा चित्राविषयी बोलताना ‘शेवटचा हात फिरवणे’ हा आपला वाक्प्रचार पुरेसा आहे, आणि त्यात ‘फीनिस’चा शेवटही आपोआप आला आहे.

प्रश्न : सहकाऱ्याला मी एक सूचना पाठवली. त्याचे एका शब्दाचे उत्तर आले : ‘फाइन’. त्याला ती आवडली असे समजून मी पुढे गेलो, तर तो नाराज होता असे नंतर कळले. माझे काय चुकले?

उत्तर : तुम्ही ‘उत्तम’ वाचले आणि त्याने ‘बरं’ लिहिले होते. कौतुकाचे विशेषण वस्तूपुढे येते तेव्हा त्याची धार टिकते, पण एकट्याने उत्तर म्हणून आले की ती बोथट होते. ‘बरा’ या मराठी शब्दाचेही असेच आहे. आजारातून उठलेला माणूस बरा होतो, ती चांगली बातमी असते. पण निबंध ‘बरा आहे’ म्हटले की लिहिणाऱ्याचा चेहरा पडतो. आणि ‘बरं, कर तुला हवं ते’ यात तर संमतीपेक्षा रागच अधिक असतो. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून हे ओळखता येते, लेखी संदेशात ती सोय नसते. काही देऊ केल्यावर ‘आय ॲम फाइन’ असे उत्तर आले तर तो प्रकृतीचा खुलासा नसून ‘नको, राहू द्या’ असा नकार असतो, हेही लक्षात ठेवावे. आणि कोणी ‘अ फाइन मेस’ म्हटले तर भाषांतराची चिंताच नाही. ‘छान गोंधळ घालून ठेवलात’ यातला ‘छान’ अगदी तेच काम करतो.

प्रश्न : क्रिकेटमधील ‘फाइन लेग’चा क्षेत्ररक्षक यांपैकी कोणत्या अर्थाने ‘फाइन’ असतो?

उत्तर : बारीक या अर्थाने, पण बारीक असतो तो कोन. दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधून जाणारी रेषा फलंदाजाच्या मागे सीमारेषेपर्यंत वाढवली आहे अशी कल्पना करावी. या रेषेशी लहान कोन करून लेगच्या बाजूला मागे उभा असतो तो फाइन लेग, आणि जवळजवळ काटकोनात उभा असतो तो स्क्वेअर लेग. चेंडू ‘फाइन’ गेला असे समालोचक सांगतात तेव्हा ते फटक्याची स्तुती करत नसून फक्त दिशा सांगत असतात.