‘माझे चांगले जीवाणू मेले असतील का?’

फेब्रुवारीत आलेल्या ४६ वर्षांच्या बँक अधिकारी ताईंनी बसताक्षणीच आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंबद्दलचा हा प्रश्न विचारला. आहाराचा सल्ला देताना आठवड्यातून एकदा तरी तो माझ्यापुढे येतोच. दाढेच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाल्यापासून त्यांचे पोट फुगत होते आणि रोज प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयोगी जीवाणू असलेले पूरक, घेऊनही फरक पडत नव्हता. शौचातून रक्त जाणे किंवा कारण नसताना वजन घटणे असे काही नाही, याची खात्री डॉक्टरांकडून करून घेतल्यावरच आम्ही आहाराकडे वळलो.

त्यांच्या आठ दिवसांच्या वहीत सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, रात्री वरणभात एवढेच होते. उसळ एकदाही नव्हती, कारण पूर्वी एकदा वाडगाभर मोड आलेली मटकी कच्चीच खाल्ल्यावर त्यांना रात्रभर त्रास झाला होता. मोठ्या आतड्यातील जीवाणू आपल्याला न पचणारे तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींची बरीचशी ऊर्जा त्या ब्युटिरेटमधूनच येते. गॅसही याच आंबण्यातून होतो, म्हणून मटकी बंद करण्यापेक्षा ती बेताने वाढवणे मला योग्य वाटले. शिजवलेल्या उसळीचे दोन चमचे, एका वेळी पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि जेवणात वाटीभर ताक, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली.

सोबत चालायलाही मी सांगितले, पण चालण्याचा पोटाशी काय संबंध, हे मात्र त्यांना पटेना. तेव्हा मी त्यांना अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास सांगितला. बैठी जीवनशैली असलेल्या ३२ जणांनी नेहमीचाच आहार ठेवून ६ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस दमसासाचा व्यायाम केला, तेव्हा ब्युटिरेट तयार करण्याची जीवाणूंची क्षमता वाढली. पण व्यायाम सोडल्यावर पुढच्या ६ आठवड्यांत हे बदल बहुतांशी मावळले. लठ्ठ व्यक्तींमध्ये परिणाम कमी दिसला होता, हेही मी लपवले नाही, कारण ताईंचे वजन जास्त होते आणि खोटी आशा दाखवणे मला मान्य नाही.

जूनमध्ये त्यांनी वही पुन्हा पुढे केली. सलग चार दिवस ‘पाऊस, चालणे नाही’ अशी नोंद होती आणि पाचव्या दिवशी पेन्सिलीने लिहिले होते, ‘लिफ्ट नाही, पाच मजले दोनदा. उसळ अर्धी वाटी. गॅस थोडा.’