मोठ्यांच्या क्लबात मुलाला पाठवू का?

खेळण्यातल्या छोट्या मोटारी जमवणाऱ्यांच्या क्लबात मुलाला जाऊ द्यावं का, असं पालक बरेचदा विचारतात. क्लब सहकुटुंब असतो हे खरं, पण अदलाबदलीच्या टेबलाच्या अलीकडे दहा वर्षांचं पोर आणि पलीकडे चाळिशीतला मुरलेला संग्राहक. आईबापांना धाकधूक वाटणारच. एका घरातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

या घरातल्या मुलाने क्लबात ‘हॉट व्हील्स’ या ब्रँडची एक गाडी देऊन पाच गाड्या घेतल्या आणि खुशीत घरी आला. वडिलांनी सहज चौकशी केली, तेव्हा कळलं की दिलेली गाडी ‘सुपर ट्रेझर हंट’ होती. ट्रेझर हंट ही हॉट व्हील्सच्याच गाड्यांची मालिका, १९९५पासूनची. त्यातला हा दुर्मीळ प्रकार. खास चकचकीत रंग, रबरी टायर, अंगावर कुठेतरी बारीकशी ‘टीएच’ अक्षरं. संग्राहक अशा गाडीसाठी जिवाचं रान करतात. घेणाऱ्या गृहस्थांनी ती ओळखली होती, पण ते काही बोलले नाहीत. वडील मुलावर कडाडले, “इतका कसा रे बावळट!” आईने त्याचं क्लबात जाणंच बंद करून टाकलं. मुलगा कुणाशी धड बोलेना, तेव्हा तिघं माझ्याकडे आली.

मी मुलाशी एकट्याशी बोलले. ती गाडी का दिलीस, असं विचारल्यावर उत्तर तयार होतं. “ती ट्रॅकवर पळतच नाही. रबराची चाकं घासतात. या पाचांतल्या तीन गाड्या ट्रॅकचा उभा गोल, म्हणजे लूप, पूर्ण करतात!” खिशातून एक काढून त्याने टेबलावर सोडली, मग उलटी करून तळ दाखवला. तिथलं साल गाडी बनवल्याचं नसतं, तो साचा कधीचा ते सांगतं, हेही मला ऐकवलं. (मला हे नवीन होतं.) या पोराला बावळट कसं म्हणायचं? त्याच्या हिशेबाने सौदा चोख होता. समोरच्याचा हिशेब वेगळा आहे, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

मोठ्या माणसाने लहान मुलापासून माहिती दडवली, हे मात्र सरळ गैर. वडिलांचा राग खरा त्या गृहस्थांवर होता, निघाला मुलावर. असं घरोघरी होतं, पण मुलगा त्यातून एकच शिकतो: पुढच्या वेळी घरी सांगायचं नाही. गाडी गेली तर गेली; पण उद्या कुणी मोठा माणूस याहून वाईट वागला आणि मुलगा गप्प राहिला, तर? मला काळजी त्याची वाटली, आणि वडिलांना मी ती तशीच बोलून दाखवली.

त्यांनी मुलाची माफी मागितली. अवघडून, पण मागितली. मग दोघं मिळून आयोजकांना भेटले, आरडाओरडा न करता. गाडी परत आली. मुलाने चार परत दिल्या. पाचवी सोडवेना, तेव्हा तिच्या बदल्यात आपल्याकडची दुसरी दिली. ती घासाघीस त्याने स्वतः केली, वडील नुसते शेजारी उभे राहिले. क्लबाने नियमही केला: मुलांची अदलाबदल पालकांसमोरच, आणि पुढच्या भेटीपर्यंत ती मोडता येईल.

तुमच्या मुलाला पाठवण्याआधी एकदा स्वतः जाऊन बसा. पालकांना थांबू देतात का, मुलांनी हाताळायच्या गाड्या वेगळ्या मांडतात का, बघा. संग्रह दाखवायला मुलाला एकट्याला घरी बोलावणं किंवा त्याच्याशी परस्पर फोनवर बोलणं क्लबाला चालतं का, हे स्पष्ट विचारा. सोबत तीन वर्षांखालचं भावंड असेल, तर सुटी चाकं त्याच्या हाताला लागणार नाहीत एवढं पाहा. आणि या प्रश्नांनी आयोजक वैतागले, तर दुसरा क्लब शोधा.