साठी उलटल्यावर प्रशिक्षण मिळते का?

प्रश्न : माझे वय ६२ असून मंडईजवळ मी हार-गजरे करून विकते. मुलांचा आधार नाही. आम्हा वयस्करांसाठी सरकारी प्रशिक्षण असते का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात वयोमर्यादा ५९ असल्याने ते दार आपल्यासाठी बंद आहे. गरजू वृद्धांचा विचारच न झालेला हा नियम मला खटकतो. मात्र १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत किमान वय १८ असून कमाल मर्यादा नाही, आणि तिच्या १८ व्यवसायांत हार बनवणारे कारागीरही येतात. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असून रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते, शिवाय अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात विनामूल्य होते. कोणी दलाल पैसे मागत असेल तर सरळ उठून यावे.

कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो आणि फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचे कर्ज पूर्ण फेडलेले नसेल तर अर्ज अडतो, म्हणून ते आधी फेडावे. विश्वकर्मा योजनेतले पाच टक्के व्याजाचे एक लाखापर्यंतचे पहिले कर्ज केवळ मिळते म्हणून घेऊ नये. दिवाळी-लग्नसराईत फुलांचे भाव चढतात आणि उरलेली शेवंती दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही, हे आपण जाणताच. साठीवरील नोकरी इच्छुकांसाठी केंद्राचे ‘सेक्रेड’ संकेतस्थळ आहे; मार्गदर्शनासाठी १४५६७ या ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनवर विचारावे.