नवस तुमचा, पाचारण त्याचं

वडगाव शेरीहून एका आईंचं पत्र आलंय. त्यांचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला. वजन सव्वा किलोसुद्धा नव्हतं, 23 दिवस काचेच्या पेटीत होता. 'हा वाचला तर प्रभूच्या सेवेला देईन,' असा नवस त्यांनी तेव्हा केला. मुलगा आता टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय भूविज्ञान, दुसऱ्या वर्षाला 71 टक्के. त्याला एम.एस्सी. करायचंय. आई विचारतात, पुण्यातली कोणती सेमिनरी (चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, घडवणारी संस्था) चांगली, प्रवेश कसा मिळतो आणि त्याचं मन कसं वळवावं?

ताई, सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडकले. 'मी त्याला सांगितलंय, तू नाही म्हणालास तर देवाला दिलेला शब्द मोडल्याचं पाप आपल्या घरावर येईल.' त्याच्याच खाली तुम्ही लिहिलंय की गेले चार महिने तो रविवारी उपासनेला येत नाही, जेवताना मान वर करत नाही, आणि असं का ते तुम्हाला कळत नाही.

वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तुम्ही अख्ख्या घराचं बरंवाईट ठेवलंय, ताई. तो चर्चमध्ये आला की पाळकसाहेब 'हे आपले भावी पाळक' म्हणून सगळ्यांसमोर उभं करतात, वडीलधाऱ्या बाया तोंडावरून हात फिरवतात. दारातून आत आला म्हणजे त्याने होकार दिला, असंच सगळी मंडळी धरून चालते. मग 'नाही' म्हणायला त्याच्याकडे न येण्याशिवाय दुसरं काय उरलं? त्याची श्रद्धा आटलीय असं तुमच्या पत्रावरून मला तरी वाटत नाही. पण हे असंच चालू राहिलं तर आटेल.

तुमच्या नवसाला मी नावं ठेवणार नाही. काचेपलीकडचं मूल बघत बसलेल्या आईने काय मागावं आणि काय द्यायचं कबूल करावं, हे बाहेरच्यांनी ठरवू नये. पण शब्द दिला कुणी? तुम्ही. बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकातला तिसावा अध्याय काढून बघा. ज्याने नवस केला त्याने आपला शब्द मोडू नये, असं तिथे आहे. दुसऱ्याचं आख्खं आयुष्य त्यात तारण ठेवता येतं का, याचा तुम्ही शांतपणे विचार करा.

तुम्ही हन्नेचा, शमुवेल संदेष्ट्याच्या आईचा, दाखला दिलात. मग शमुवेलाची गोष्ट पुढेही वाचू. पहिल्या अध्यायात हन्ना नवस करते आणि मुलाला शिलोच्या मंदिरात नेऊन सोडते. हाक येते ती तिसऱ्या अध्यायात, रात्री, मुलाच्या नावाने, मुलाच्याच कानात. तेव्हा हन्ना तिथे नाही. पोर उठून तिथल्या याजकाकडे, एलीकडे, धावतं. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जाऊन नीज. असं पुन्हा होतं. तिसऱ्यांदा एलीला उमगतं की हाक देवाची आहे. तेव्हाही तो काय करतो? उत्तर काय द्यायचं ते मुलाला शिकवतो आणि परत त्याच्या जागेवर पाठवतो. एवढा मोठा याजक, पण त्याने मुलाच्या वतीने ओ दिली नाही. तुमच्या घरात मात्र हाक ऐकू येण्याआधीच ओ देऊन झालीय.

आता तो गैरसमज, जो मी आपल्या लोकांत लहानपणापासून ऐकत आलेय: पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, होतं ते फक्त पाळकाला, मिशनऱ्याला किंवा सिस्टरला, बाकीचे सगळे पोटापाण्याला लागलेले. आपल्या मराठी बायबलात 'पाचारण' हा शब्द कुणासाठी आलाय ते पाहा. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल सगळ्या मंडळीला सांगतो की तुम्हाला झालेल्या पाचारणाला शोभेल असं चाला. त्या मंडळीत मजूरही असतील, बाजारात बसणारेही असतील. हा पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. निर्गमाच्या 31व्या अध्यायात कारागीर बसालेल देवाच्या आत्म्याने परिपूर्ण होतो तो सोन्यारुप्याच्या, पितळेच्या आणि लाकडाच्या कामासाठी. लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातलंच केडगाव घ्या. पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापलं. त्या बायकांचं काम सेवा नव्हती, असं तुम्ही म्हणाल?

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जवळजवळ तक्रारीच्या सुरातली. सुट्टीत शेवगावकडे आजोबांच्या गावी गेला की हा पोरगा दोरी सोडून विहिरींचं पाणी मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. 'याला काय म्हणावं?' असं तुम्ही विचारलंय. ताई, अख्ख्या पत्रात मला सर्वांत आनंद या ओळीने झाला. परीक्षा नाही, मार्क नाहीत, कुणी सांगितलेलं नाही, तरी तो भर उन्हात विहिरीवर जातो! विद्यार्थ्याचा कल शोधताना मी नेमकं हेच शोधत असते.

आणि ते काम किती गरजेचं आहे हे त्याच्या आजोबांना विचारा. आपल्याकडे पाणी मुरमात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत असतं. एका शेतातली विहीर भरलेली आणि बांधापलीकडचं बोअर कोरडं, असं सर्रास दिसतं. शेतकरी पाणाड्याला बोलावतो, नारळ फिरतो, कर्ज काढून बोअर घेतो आणि नुसता फुफाटा उडतो. शेवगावच्याच जिल्ह्यात हिवरे बाजारचे लोक पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. हे शास्त्र समजावून सांगणारी गावचीच पोरं हवी आहेत. उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात इसहाकाने बापाच्या वेळच्या बुजवलेल्या विहिरी पुन्हा खणल्या आणि पाण्यावरून भांडणं झाली तिथून उठून पुढे जाऊन आणखी खणल्या. तो अध्याय एकदा मुलाबरोबर बसून वाचा.

वाट सरळ आहे: विद्यापीठाची प्रवेश परीक्षा किंवा आयआयटींसाठी जॅम, मग एम.एस्सी., त्यानंतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय शिवाजीनगरलाच आहे. तिथल्या एखाद्या भूवैज्ञानिकाला त्याने ती वही घेऊन भेटावं.

सेमिनरीचंही सांगते, कारण तुम्ही विचारलंय. प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती 1953 साली यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्यात आली. तिथल्या बी.डी.ला, म्हणजे धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमाला, पदवीनंतर जाता येतं. तुमच्या घराजवळची नगर रोडवरची ज्ञानदीप ही संस्था कॅथलिक आहे, तुमच्यासाठी तो प्रश्न येत नाही. पण सेमिनरीच्या अर्जात सहसा उमेदवाराला आपल्या पाचारणाविषयी स्वतः लिहावं लागतं. तो कागद तुम्ही लिहून देणार का? वडिलांच्या शब्दाखातर गेलेला एक मुलगा मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षी तो परत आला. आज तो पाळकही नाही आणि वडिलांशी बोलतही नाही. तुमच्या मुलाला तिशीत स्वतःहून जावंसं वाटलं तर पदवी हातात असेल आणि दार उघडं असेल.

राहिला नवस. तो फेडायचा असेल तर तुम्ही फेडा. ससूनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आया खेड्यापाड्यांतून येतात. नवरा परत कामावर गेलेला असतो, बाई एकटी व्हरांड्यात बसलेली असते. तिला डबा लागतो, कागदपत्रांत मदत लागते आणि 'माझंही एवढंसंच होतं, आता कॉलेजात आहे' असं सांगणारं कुणी लागतं. तुमच्याइतकं हे कुणाला जमणार आहे? रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि आठवड्यातून एक दुपार द्यायची तयारी दाखवा.

त्याआधी या रविवारी पाळकसाहेबांना सांगा की 'भावी पाळक' म्हणणं थांबवा. आणि त्याच रात्री मुलाला सांगा, तो शब्द माझा होता, तुझ्यावर त्याचं ओझं नाही. रडू आलं तर येऊ द्या. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, तेव्हा हे बोलणं पुढे ढकलू नका.