वाचक विचारतात : घरच्या दुरुस्तीला विजेची करवत कोणती?

प्रश्न : कपाटातल्या फळ्या, दारांची किरकोळ दुरुस्ती, चवथीला माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट एवढंच काम असतं, सुतार वेळेवर मिळत नाही. चार हजारांच्या आसपास गोल पात्याची करवत घ्यावी की जिगसॉ? – एक वाचक, फोंडा

उत्तर : जिगसॉ, म्हणजे अरुंद पातं वर-खाली होणारी करवत, घ्या. लांब सरळ कापात सात इंची गोल करवत सरस, पण ती १२०० ते १४०० वॉटची असते. २३० व्होल्टवर १४०० वॉट म्हणजे सहा अँपियरहून जास्त. खोलीतलं लहान सॉकेट सहा अँपियरचंच असतं, त्यावर ती चालवू नये. ५०० ते ६५० वॉटच्या जिगसॉला तीन अँपियर पुरतात, ती वळणदार कापही घेते, आणि अडकली तर गोल पात्याएवढा झटका देत नाही.

दुकानात गती कमी-जास्त होते का बघा, मशीनची तळपट्टी (फळीवर टेकते ती) पातळ पत्र्याची नको, आणि टी-आकाराच्या दांड्याचं पातं बसणारीच निवडा. थोडे पैसे पात्यांसाठी राखून ठेवाच. प्लायला बारीक दातांचं, जाड लाकडाला मोठ्या दातांचं, लोखंडाला वेगळं. पातं सुमारे २० मिमी वर-खाली होतं, म्हणून १९ मिमी प्लायला ते पूर्ण खाली गेल्यावर तळपट्टीपासून किमान ४० मिमी बाहेर निघायला हवं.

काप तिरका जातो तो बहुधा ढकलल्यामुळे. पातं वरच्या टोकालाच धरलेलं असतं; जोर दिला की खालचं टोक वाकतं. वर रेघ सरळ दिसते, फळी उलटली की चूक कळते. सरळ पट्टी दोन सी-क्लॅम्पनी आवळून तिच्या कडेने मशीन चालवा, आणि पात्याला आपल्या वेगाने जाऊ द्या. दात वर येताना कापतात, त्यामुळे कपच्या वरच्या बाजूला उडतात. सनमायका असेल तर चांगली बाजू खाली ठेवा, रेघेवर मास्किंग टेप लावा, पेंड्युलमचा (पातं पुढे-मागे झुलवणारा) खटका शून्यावर.

माडाचे वासे मात्र वेगळे. त्यांचा बाहेरचा थर फार कठीण असतो, साधं पातं तिथे लगेच बोथटतं. कार्बाइडच्या दातांचं पातं आणा, नाहीतर ते काम सुताराकडेच द्या.

प्रश्न : घरात चार इंची ग्राइंडर आहे. त्यालाच लाकडाचं दातेरी पातं लावलं तर? – एक वाचक, पेडणे

उत्तर : लावू नका. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळतं, आणि सरकवायचा खटका असलेलं मशीन हात सुटल्यावरही फिरतच राहतं. वरचं कवच अर्धंच पातं झाकतं. अशा जखमा खोल असतात.

प्रश्न : पावसात दार फुगून उंबऱ्याला घासतं. खालून किती कापावं? – एक वाचक, सांगे

उत्तर : सध्या कापू नका, जुलैत पाच मिमी काढलंत तर मार्चमध्ये फट दिसेल. फारच अडत असेल तर रंध्याने एखादा मिमी काढा. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की दार बिजागऱ्यांतून उतरवून खालची कड तपासा. ती बहुतेक दारांत रंगवायची राहून गेलेली असते आणि तिथूनच ओल शिरते. प्राइमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्या, मग दार चढवून किती घासतं ते बघा.