खर्च घटला, भाव का नाही?

प्रश्न : एम.ए.च्या अभ्यासक्रमात प्रक्रिया-नवप्रवर्तनाचे (तीच वस्तू कमी खर्चात बनवण्याची नवी पद्धत) ‘ड्रास्टिक’ आणि ‘नॉन-ड्रास्टिक’ असे प्रकार आहेत. खर्च किती टक्के घटला की ते ड्रास्टिक म्हणायचं?

उत्तर : टक्क्यांवर हे ठरतच नाही, त्यामुळे पाठ करायला आकडा शोधू नका. नव्या खर्चाने माल काढणारा बाजारात एकटाच असता, तर त्याने लावलेला भाव जुन्या खर्चाच्या खाली आला असता का, एवढंच पाहायचं. आला असता, तर ड्रास्टिक.

समजा, भाव = १०० − नग. सगळ्यांचा खर्च नगामागे ६० रुपये, चढाओढ पूर्ण, म्हणून भावही ६०. एकाने पेटंट घेतलेल्या पद्धतीने खर्च ४०वर आणला. त्याचा मक्तेदारी भाव, म्हणजे एकटाच असता तर लावला असता तो, (१०० + ४०) ÷ २ = ७०. पण बाकीचे ६०ला विकायला बसलेच आहेत! मग तो ६०च्या जेमतेम खाली राहतो : ४० नग, नगामागे २०, नफा ८००. हे नॉन-ड्रास्टिक. पेटंट संपेपर्यंत गिऱ्हाइकाच्या पदरात जवळपास काही नाही.

खर्च १०वर आला तर मक्तेदारी भाव ५५. जुने उत्पादक आपोआप बाहेर, गिऱ्हाइकालाही ५ रुपये स्वस्त. इथे सीमा २०ची : नवा खर्च त्याच्या खाली गेला तरच ड्रास्टिक. मागणी १००ऐवजी ९०पासून सुरू झाली (भाव = ९० − नग) तर सीमा ३०वर जाते. म्हणजे २५ रुपये खर्चाची तीच पद्धत एका बाजारात नॉन-ड्रास्टिक, दुसऱ्यात ड्रास्टिक.

उत्तरपत्रिकेत हमखास होणारी चूक म्हणजे तुलना जुन्या भावाशी करणं. ती जुन्या सीमान्त खर्चाशी (आणखी एक नग काढायच्या खर्चाशी) करायची. पूर्ण स्पर्धेत दोन्ही आकडे एकच असल्याने चूक लपून जाते.

याच उदाहरणात आधीपासून एकच मक्तेदार असेल, तर ४०च्या पद्धतीने त्याचा नफा ४००वरून ९००वर जातो. वाढ ५००च, चढाओढीतल्या ८००पेक्षा कमी, कारण जुना नफा तो स्वतःच गिळतो; म्हणून नवी पद्धत शोधायची ओढ त्याला कमी. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांचा १९६२चा मुद्दा हाच.

प्रश्न : वस्तू-नवप्रवर्तन (नवी वस्तूच काढणं) आणि प्रक्रिया-नवप्रवर्तन हा फरक पुस्तकाबाहेर कुठे दिसतो?

उत्तर : औषधांत. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट नाकारलं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला दिलं. दुसरी पद्धत शोधून तेच औषध काढणं कायदेशीर होतं. २००५पासून रेणूलाच पेटंट मिळू लागलं आणि नव्या औषधांसाठी ही वाट बंद झाली.